एकाची मात्रा दुसऱ्याला चालत नाही

(पालक-शिक्षक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. स्मरणिकेच्या वाचकांसाठी काही ठिकाणी विस्तार केला आहे.)



आजच्या मेळाव्यात 'पाल्याचा अभ्यास' या नेहमीच्या विषयावर मी चार शब्द बोलावेत, अशी अपेक्षा होती. परंतु अध्यक्षसाहेबांची परवानगी घेऊन मी विषय बदलला आहे. मी डॉक्टर नाही. बी. ए., बी. एड. झालेला, मराठी शिकविणारा आणि गरज पडेल तेव्हा सातवीच्या वर्गावर गणिताचा तास घेणारा साधा शिक्षक आहे. तेव्हा औषधांविषयी बोलण्याचा याला काय अधिकार, असे कोणी विचारील. माझा अधिकार एवढाच की, औषधाच्या बाबतीत एक हिशेब मी चुकीचा केला आणि त्याची किंमत माझ्या थोरल्या भावाला व आमच्या आईला मोजावी लागली. ती चूक आपल्यापैकी कोणी करू नये, यासाठी हा प्रपंच.

भाईजानची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली तेव्हा ते अडतीस वर्षांचे होते. दीड वर्ष आठवड्यातून दोनदा डायलिसिस चालले. २०२१ साली अम्मींनी त्यांना आपले एक मूत्रपिंड दिले. शस्त्रक्रिया यशस्वी झाली. रक्तातील क्रिॲटिनीन, म्हणजे मूत्रपिंडाने बाहेर टाकावयाचा एक टाकाऊ पदार्थ, १.२ वर आला. घरात ईदसारखा आनंद झाला. घरी येताना डॉक्टरांनी जी औषधे लिहून दिली, त्यांत टॅक्रोलिमस नावाचे मुख्य औषध होते. काही महिन्यांनी त्याची मात्रा सकाळी ४ आणि रात्री ४ मिलिग्रॅम अशी स्थिर झाली.

पुढे तपासणीच्या रांगेत भाईजानची एका गृहस्थांशी ओळख झाली. त्यांचेही मूत्रपिंडरोपण त्याच सुमारास झालेले. वयही जवळपास तेच. भाईजानचे वजन ५८ किलो, त्यांचे ६०. मात्र ते सकाळी २ आणि रात्री २ मिलिग्रॅमच घेत होते, आणि त्यांची प्रकृती उत्तम होती. भाईजानने घरी येऊन हे मला सांगितले. औषधांच्या खर्चाने आम्ही सर्व मेटाकुटीला आलो होतो. मी वही ओढली आणि त्रैराशिक मांडले: ६० किलोंना दिवसाला ४ मिलिग्रॅम, तर ५८ किलोंना किती? उत्तर आले ३.८७. मग आठ कशासाठी? मी म्हणालो, "पुढच्या वेळी डॉक्टरांना विचारून पाहा." पण माझ्या आवाजात उत्तराची खात्री होती, आणि भाईजानने ती खात्रीच तेवढी ऐकली.

त्यांनी कोणाला न विचारता मात्रा निम्मी केली. पाच आठवडे काहीच बिघडले नाही. उलट हाताला जो बारीक कंप सुटत असे तो थांबला, त्यामुळे आपले बरोबरच झाले असे त्यांना वाटले. सहाव्या आठवड्यात पायांवर सूज आली. क्रिॲटिनीन २.४ निघाले. रक्तातील टॅक्रोलिमसची पातळी, जी पूर्वी ७ च्या आसपास असे, ती ३.१ भरली. बायोप्सी झाली आणि रिजेक्शन, म्हणजे शरीराने नवे मूत्रपिंड नाकारण्यास सुरुवात केल्याचे निदान झाले. तीन दिवस शिरेतून स्टिरॉइड द्यावे लागले. अवयव वाचला, पण क्रिॲटिनीन १.६ वर येऊन थांबले. ते १.२ पुन्हा काही दिसले नाही.

अम्मींनी कोणालाही बोल लावला नाही. त्यांनी मला एवढेच विचारले, "माझ्याच किडनीत काही खोट होती का रे?" त्या प्रश्नाला नीट उत्तर देता यावे म्हणून मी डॉक्टरांना विचारत आणि मिळेल ते वाचत गेलो. जे समजले ते आपल्यापुढे ठेवतो.

हे औषध कशासाठी?

आपल्या शरीरात परक्याला ओळखून त्याच्यावर तुटून पडणारी एक फौज असते. जंतू आला तर ती आपले रक्षण करते. परंतु आलेला अवयव आईने मायेने दिलेला आहे, हे तिला कळत नाही. २३ डिसेंबर १९५४ रोजी बोस्टन येथे डॉ. जोसेफ मरे यांनी मूत्रपिंडरोपणाची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली. ती यशस्वी झाली याचे कारण देणारा आणि घेणारा हे एकसारखे जुळे भाऊ होते. फौजेला परके काही दिसलेच नाही. डॉ. मरे यांना पुढे १९९० साली नोबेल पारितोषिक मिळाले. पण जुळा भाऊ किती जणांना असतो? इतरांसाठी त्या फौजेला आवर घालणारे औषध हवे होते. १९६० नंतरच्या दशकात ॲझाथायोप्रिन आणि स्टिरॉइड यांच्या जोडीवर काम चालले. आपल्या देशात वेल्लोर येथे १९७१ साली मूत्रपिंडरोपण यशस्वी झाले ते याच काळात. १९७८ साली केंब्रिज येथे डॉ. रॉय काल्न यांनी बुरशीपासून मिळालेले सायक्लोस्पोरिन रुग्णांना दिले. त्यानंतर १९८४ साली जपानमधील त्सुकुबा येथील मातीत सापडलेल्या एका सूक्ष्म जीवापासून टॅक्रोलिमस मिळाले. अमेरिकेत मूत्रपिंडरोपणासाठी त्याला १९९७ मध्ये मान्यता मिळाली, आणि आज जगभर बहुतेक रोपणांत तेच मुख्य औषध आहे.

या औषधाची वाट फार अरुंद आहे. रक्तात ते कमी पडले तर फौज मोकळी सुटते आणि रिजेक्शन होते. जास्त झाले तर हात थरथरतात, रक्तातील साखर आणि रक्तदाब वाढतो, साधे जंतूही भारी पडतात; आणि ज्या मूत्रपिंडाच्या रक्षणासाठी ते घ्यावयाचे, त्यालाच ते इजा करते. म्हणजे दोन्ही बाजूंना खड्डा आणि मधून पायवाट.

हौदाचे गणित

आता माझे त्रैराशिक कोठे चुकले ते पाहू. आपण सर्वांनी शाळेत हौदाची उदाहरणे सोडविली आहेत. एका नळाने हौद भरतो, दुसऱ्या नळाने रिकामा होतो. टॅक्रोलिमसचेही तसेच आहे. आपण गिळतो ती मात्रा हा भरणारा नळ. शरीर ज्या वेगाने रक्त औषधापासून मोकळे करते, तो रिकामा करणारा नळ. या दुसऱ्या नळाच्या वेगाला डॉक्टर क्लिअरन्स म्हणतात. हौदातील पाण्याची पातळी या दोन्ही नळांवर अवलंबून असते. दोन हौद अगदी एकाच मापाचे असले, पण एकाचा बाहेर जाणारा नळ दुप्पट मोठा असला, तर पातळी सारखी राखण्यासाठी त्यात दुप्पट पाणी सोडावे लागेल. मी दोन माणसांची वजने पाहिली, म्हणजे हौदांची मापे पाहिली. बाहेर जाणारा नळ मी पाहिलाच नाही. तो डोळ्यांना दिसतही नाही. प्रौढ माणसांत वजन आणि या औषधाचा क्लिअरन्स यांचा संबंध फार सैल असतो, हे मला पुढे कळले.

मुळात भरणारा नळही वाटतो तेवढा सरळ नाही. गिळलेल्या औषधापैकी सरासरीने सुमारे चौथा हिस्साच रक्तात पोचतो, आणि हे प्रमाण माणसागणिक पुष्कळ बदलते. आतड्याच्या भिंतीतील पेशींत एक पंप असतो, तो आत आलेले औषध पुन्हा बाहेर फेकतो. त्याच पेशींत औषध मोडणारी विकरे असतात; विकर म्हणजे ज्याला डॉक्टर एन्झाइम म्हणतात ते. त्यातून जे सुटते ते यकृतात जाते, तेथेही तीच विकरे वाट पाहत असतात. मोडलेले औषध पित्तावाटे बाहेर पडते. लघवीतून मूळ स्वरूपात शंभरातील एक भागही जात नाही. येथे पुष्कळांची समजूत चुकते. नवे मूत्रपिंड उत्तम चालते म्हणून औषध लवकर बाहेर जाते, असे नाही. अम्मींनी मूत्रपिंड दिले. परंतु औषध मोडणारे यकृत आणि आतडे भाईजानचेच राहिले.

एका अक्षराचा फरक

मग एकाचा नळ मोठा आणि दुसऱ्याचा लहान का? त्याचे एक मोठे कारण जन्मापासून आपल्यासोबत असते. टॅक्रोलिमस मोडण्याचे काम मुख्यतः दोन विकरे करतात. त्यांची नावे सिप ३ए४ आणि सिप ३ए५. पहिले सर्वांमध्ये कमीअधिक असते. दुसरे मात्र काहींत भरपूर असते, तर काहींत जवळजवळ नसतेच. २००१ साली याचे कारण उलगडले. हे विकर कसे बनवावे याची आज्ञा आनुवंशिक लिपीत लिहिलेली असते, आणि त्या लिपीत एका ठिकाणी एकाच अक्षराचा बदल असतो. त्या बदलामुळे मजकूर भलत्याच ठिकाणी जोडला जातो आणि विकर पुरते तयार होत नाही. आम्ही भाषा शिकविणारे मुलांना सांगत असतो की, एक काना इकडचा तिकडे झाला तर 'दिन' असलेला 'दीन' होतो, 'पान' असलेले 'पाना' होते. निसर्गाच्या लेखनातही ऱ्हस्वदीर्घाचा असा प्रताप आहे, हे वाचून मी थक्क झालो.

या मजकुराची एक प्रत आईकडून आणि एक वडिलांकडून येते. दोहोंपैकी एक जरी शुद्ध असली तरी विकर बनते, आणि अशा रुग्णाला इतरांपेक्षा साधारण दीड ते दोनपट मात्रा लागते. युरोपीय वंशाच्या लोकांत असे दहा-वीस टक्केच आढळतात. आफ्रिकी वंशाच्या लोकांत ते बहुसंख्य असतात. आपल्या भारतीय उपखंडात सुमारे निम्मी माणसे या बाजूची आणि निम्मी त्या बाजूची. म्हणजे रांगेत शेजारी बसलेल्या दोघांपैकी एकाला दुसऱ्याच्या दुप्पट औषध लागणे, यात नवल काहीच नाही. एका आईबापांच्या पोटची दोन भावंडेही याबाबत निराळी असू शकतात. त्यामुळे जात, गाव, घराणे पाहून कोणाची मात्रा सांगता येत नाही.

बरोबरच्या औषधांचा हिशेब

हे सर्व समजल्यावर मी डॉक्टरांना म्हणालो, "म्हणजे भाईजान एका गटातले आणि ते गृहस्थ दुसऱ्या गटातले." डॉक्टर हसून म्हणाले, "मास्तर, पुन्हा घाई केलीत. त्या गृहस्थांच्या कागदावर आणखी कोणती औषधे आहेत, हे पाहिले होते का?" आम्ही पाहिले नव्हते. त्यांना रक्तदाबासाठी डिल्टियाझेम चालू होते. हे औषध त्याच विकरांना रोखून धरते, त्यामुळे टॅक्रोलिमस कमी मोडते आणि थोड्या मात्रेत पातळी राहते. आपल्या देशात खर्च वाचविण्यासाठी काही डॉक्टर जाणूनबुजून अशी जोडी देतात. पण ती तपासण्या करून, डोळ्यात तेल घालून. भाईजानना ते औषध नव्हते. आम्ही मात्र दोन भिन्न बेरजांची उत्तरे सारखी असावीत म्हणून अडून बसलो होतो.

अशी दुसरीही पुष्कळ उदाहरणे आहेत. क्षयरोगावरील रिफाम्पिसिन ही विकरे इतकी वाढविते की, टॅक्रोलिमसची पातळी कोसळते. फिट येऊ नये म्हणून देतात त्या फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन यांचेही तसेच. उलट बुरशीवरील फ्लुकोनॅझोल, कीटोकोनॅझोल आणि घशाच्या दुखण्यात सहज दिली जाणारी एरिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन ही औषधे पातळी चढवितात. तेव्हा रोपण झालेल्या माणसाने साध्या खोकल्यासाठीही दुकानातून परस्पर गोळी आणू नये. ग्रेपफ्रूट हे फळ आतड्यातील विकर बंद पाडते, आणि त्याच कुळातील आपल्या कोकणातले पपनसही टाळावयास सांगतात. जुलाब लागले तर औषध वाहून जाऊन पातळी उतरत असेल, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात ती बहुधा चढते, कारण आतड्याचा पंप आणि विकरे दुबळी झालेली असतात. तेलकट, तुपकट जेवणाबरोबर घेतल्यास औषध कमी शोषले जाते.

शिवाय एकाच माणसाचा क्लिअरन्सही कायम एक राहत नाही. रोपणानंतर आरंभी स्टिरॉइड जास्त असते, आणि तेही या विकरांना जोर देते. पुढे स्टिरॉइड उतरविले की तीच मात्रा जास्त ठरू लागते. हे औषध तांबड्या पेशींना चिकटून राहते, म्हणून रक्त कमी असताना आणि भरून आल्यावर पातळी वेगळी दिसते. लहान मुले ते मोठ्यांपेक्षा वेगाने मोडतात, त्यामुळे वजनाच्या मानाने त्यांची मात्रा अधिक असते. सारांश, शेजाऱ्याची मात्रा राहो, स्वतःचीच सहा महिन्यांपूर्वीची मात्रा आज बरोबर असेल असेही नाही.

मग मात्रा ठरते कशी?

प्रथम अंदाजाने सुरुवात करावयाची, रक्तातील पातळी मोजावयाची आणि तिच्याप्रमाणे मात्रा कमीजास्त करावयाची, हा राजमार्ग आहे. अगोदरच आनुवंशिक तपासणी करून त्याप्रमाणे पहिली मात्रा द्यावी, असाही प्रयत्न झाला. फ्रान्समध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेल्या २८० रुग्णांच्या अभ्यासात, तपासणीप्रमाणे मात्रा दिलेल्यांपैकी ४३ टक्के रुग्णांची पातळी औषध सुरू झाल्यावर तीन दिवसांत योग्य मर्यादेत आली. नेहमीच्या पद्धतीत हे प्रमाण २९ टक्के होते. पण नेदरलँड्समध्ये २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असा फरक दिसला नाही, आणि या तपासणीमुळे रिजेक्शन कमी झाले असे दोन्हीकडे आढळले नाही. ही तपासणी सुरुवातीला दिशा दाखविते. पुढची वाट रक्तातील पातळीच दाखविते. भाईजानची आनुवंशिक तपासणी आजवर झालेली नाही. डॉक्टरांना तिची गरज वाटली नाही, कारण पातळीचा कागद त्यांच्या हातात होता. "शरीराने उत्तर लिहून दिले असताना," ते म्हणाले, "ते उत्तर असे का आले, हे नंतर पाहू."

घरच्यांनी काय करावे?

वाचकहो, आपल्या घरात वा शेजारी असा रुग्ण असेल तर पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली गोष्ट वेळेची. दोन मात्रांत बारा तासांचे अंतर असावे, आणि उपाशीपोटी वा जेवणानंतर जसे ठरले असेल तसेच रोज घ्यावे. रमजानमध्ये सेहरी आणि इफ्तार यांच्या वेळांवर मनानेच गोळ्या सरकवू नयेत. महिनाभर अगोदर डॉक्टरांना विचारावे. आजाऱ्याला सवलत आहेच. भाईजान रोजे न ठेवता फिदिया देतात.

दुसरी गोष्ट तपासणीची. पातळी मोजावयाची ती सकाळची मात्रा घेण्यापूर्वी. रक्त द्यावे आणि मगच गोळी घ्यावी. अगोदर घेतली तर पातळी फसवी, जास्त दिसते, आणि तिच्यावरून मात्रा उतरविली गेली तर अनर्थ होतो.

तिसरी गोष्ट कंपनीची. दुकानदाराने दुसऱ्या कंपनीचे टॅक्रोलिमस दिले तर डॉक्टरांना कळवावे, म्हणजे ते पातळी पुन्हा तपासतील. दिवसातून एकदा घ्यावयाचे आणि दोनदा घ्यावयाचे, असे प्रकारही निराळे असतात. त्यांची अदलाबदल करू नये.

चौथी गोष्ट खर्चाची, आणि ही मी मुद्दाम सांगतो. पैसे कमी पडत असतील तर ते डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. आम्हाला लाज वाटली. आम्ही सांगितले असते तर त्यांनी काहीतरी मार्ग काढला असता, असे ते नंतर म्हणाले. लाजेपोटी आम्ही चार पैसे वाचविले आणि बायोप्सी व रुग्णालय यांवर त्याच्या अनेकपट घालविले. जे पैशांत मोजता येत नाही, ते निराळेच.

पाचवी गोष्ट मनाची. रांगेत बसलेले रुग्ण एकमेकांना धीर देतात, ते फार मोलाचे आहे. धीर अवश्य द्यावा आणि घ्यावा. मात्रा मात्र घेऊ नये.

मित्रहो, वर्गात एक गणित सर्वांना एकाच वेळी कळत नाही, हे आम्हा शिक्षकांना रोज दिसते. तरी माझ्या भावाच्या बाबतीत मी दोन माणसांना एकाच पट्टीने मोजले. बरोबर रीतीने सोडविलेले उदाहरणही, त्यात एक माहिती कमी असेल तर, चुकीचे उत्तर देते. आता सातवीच्या वर्गात त्रैराशिक शिकविताना मी मुलांना एक प्रश्न अगोदर विचारतो, "येथे त्रैराशिक लागू पडते का?" तो प्रश्न मला स्वतःला फार उशिरा सुचला.

भाईजान आज दुकानात बसतात. क्रिॲटिनीन अजून १.६ आहे, टॅक्रोलिमसची मात्रा पुन्हा ठरल्याप्रमाणे चालू आहे, आणि गोळीच्या वेळेला अम्मी घड्याळाकडे पाहतात. हे सर्व समजून घेतल्यावर मी त्यांच्या प्रश्नाचे उत्तर त्यांना दिले. मी म्हणालो, "अम्मी, तुमच्या किडनीत खोट नव्हती. खोट माझ्या हिशेबात होती." त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "मग हे लोकांना सांग."

ते सांगण्यासाठीच मी आज आपला वेळ घेतला.